दोरीवरची जागा

‘कावळा शिवला’ असे म्हणून आमच्या लहानपणी जी गोष्ट एकाच वेळी सांगितली आणि झाकली जाई, तिच्याविषयी चार शब्द या पानावर लिहावेत असे आम्ही योजिले आहे. विषय नाजूक आहे आणि हे मासिक घरातील लहानथोर सर्वांच्या हाती पडते, हे आम्ही जाणतो. परंतु खेड्यातील शाळकरी मुलींच्या संदर्भात आमच्या महिला मंडळाला जो अनुभव आला, तो घरातील पुरुषमंडळींनीही वाचावा अशाच योग्यतेचा आहे. आणि तो आडपडद्याने सांगितला तर त्यातील सारच निघून जाईल. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले आणि १९५३ पर्यंत नेटाने चालविले. शरीराविषयी मराठीत स्वच्छ शब्दांत लिहिता येते हे त्यांनी जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिले आहे. तेव्हा भाषेची अडचण आम्हांला पुढे करता येणार नाही.

भोपाळमधील अनेक मराठी घरे आपला येथील काळ १ नोव्हेंबर १९५६ पासून मोजतात. त्या दिवशी नवे मध्यप्रदेश राज्य अस्तित्वात आले, भोपाळ राजधानी झाली आणि नागपूरच्या कचेऱ्यांतील कितीतरी मंडळी आपापली बिऱ्हाडे घेऊन येथे उतरली. ग्वाल्हेर-इंदूरकडूनही माणसे आली. पुढे भेलच्या कारखान्याने आणखी आणली. या मंडळींपैकी पुष्कळांच्या वाट्याला तात्या टोपे नगरातील सरकारी क्वार्टरे आली. जुन्या वाड्यांत ‘त्या’ चार दिवसांसाठी बाजूची खोली असे, मागचे दार असे. क्वार्टरात दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि पुढे वीतभर अंगण. बाहेर बसायचे म्हणजे बसायचे कोठे? जे काम सुधारकांच्या व्याख्यानांना साधले नव्हते, ते बांधकाम खात्याच्या नकाशाने सहज करून टाकले. चार दिवसांची खोली एका चटईवर आली, पुढे चटईही गुंडाळली गेली आणि शेवटी देवघराकडे न जाणे एवढाच नियम उरला.

एक गोष्ट मात्र क्वार्टरांतही बदलली नाही. अंगणातील दोरीवर घरातल्या सगळ्यांचे कपडे वाळत असत. वडिलांचे धोतर, भावांच्या चड्ड्या, आजीचे लुगडे. जुन्या लुगड्याच्या ज्या घड्या घरातील बायका आणि मुली महिन्याच्या महिन्याला वापरीत, त्यांना मात्र त्या दोरीवर जागा नसे. त्या मोरीच्या कोपऱ्यात, ट्रंकेच्या मागे, फार तर एखाद्या ओल्या परकराच्या आड वाळत. वाळत म्हणजे पावसाळ्यात दमटच राहत. पुढे बाजारात तयार पॅड आले, ते घेण्याची ऐपत आली आणि आमच्या घरांपुरता हा प्रश्न मिटला. खेड्यापाड्यांत तो मिटलेला नाही.

वास्तविक स्त्रियांच्या आरोग्याचा विचार भोपाळला नवा नाही. १८१९ ते १९२६ या दीर्घ काळातील बहुतेक वर्षे या संस्थानाची सूत्रे चार बेगमांच्या हाती होती. त्यांतील शाहजहान बेगमने स्त्रियांसाठी आरोग्य आणि गृहव्यवस्था यांविषयी उर्दूत मोठा ग्रंथ लिहिला, तर तिची कन्या सुलतान जहान बेगम हिने मुलींसाठी शाळा काढली. सुलतानिया जनाना रुग्णालयाचे नाव आजही भोपाळकरांच्या तोंडी आहे. मुलगी शाळेत आणायची तर तिच्या देहाचाही विचार करावा लागतो, हे पडद्यात राहणाऱ्या राज्यकर्त्या स्त्रियांना कळले होते. पुढच्या काळातील कारभाराला ते पुन्हा शिकावे लागले.

ते शिकणे कसे झाले, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. २०११ साली केंद्र सरकारने ग्रामीण भागातील दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलींसाठी एक योजना आखली. सहा पॅडांचे पाकीट सहा रुपयांस, आणि ते ‘आशा’ कार्यकर्तीने घरोघर विकायचे. पाकिटामागे तिला एक रुपया. मध्यप्रदेशात ‘उदिता’ या नावाने अंगणवाडी केंद्रांत या कामासाठी कोपरे उघडले गेले. महाराष्ट्रात २०१८ च्या महिलादिनी ‘अस्मिता’ योजना सुरू झाली. जिल्हा परिषदेच्या शाळांतील मुलींना आठ पॅडांचे पाकीट पाच रुपयांत, तेही गावातील बचतगटांच्या हातून. त्याच वर्षी जुलै महिन्यात पॅडवरील बारा टक्के कर उठला. जनऔषधी दुकानांतून अडीच रुपयांना मिळू लागलेला पॅड ऑगस्ट २०१९ मध्ये एक रुपयावर आला. कोइमतूरच्या अरुणाचलम मुरुगनंतम यांनी बनविलेल्या स्वस्त यंत्राची कथा तर चित्रपटामुळे घरोघर पोचली. त्या ‘पॅडमॅन’ चित्रपटाचे चित्रण आपल्या अहिल्यादेवींच्या महेश्वरात झाले, हे माळव्यातील वाचकांना ठाऊक असेलच.

या सगळ्याचा परिणाम झाला नाही असे कोणी म्हणू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पंधरा ते चोवीस वर्षे वयाच्या स्त्रियांना पाळीच्या दिवसांत काय वापरता असे विचारतात. २०१५-१६ च्या पाहणीत मध्यप्रदेशात स्वच्छ साधन वापरणाऱ्यांचे प्रमाण शंभरात सुमारे अडतीस होते, ते २०१९-२१ च्या पाहणीत एकसष्ट झाले. चार-पाच वर्षांत एवढी मजल थोडकी नव्हे. तरीही त्या पाहणीत आपल्या राज्याच्या खाली एकटा बिहार होता. आणि देशभरात निम्म्या तरुण मुलींनी आपण कापड वापरतो असे सांगितले होते.

अशा परिस्थितीत ऑगस्ट २०२४ मध्ये भोपाळात एक समारंभ झाला. मुख्यमंत्री मोहन यादव यांनी सातवी ते बारावीच्या सुमारे एकोणीस लाख विद्यार्थिनींच्या बँक खात्यांत पॅडखरेदीसाठी एकंदर सत्तावन्न कोटी अठरा लाख रुपये जमा केले. प्रत्येकीच्या वाट्याला वर्षाचे तीनशे रुपये. पाकीट देण्याऐवजी रोख रक्कम देण्याचा हा प्रकार होता आणि युनिसेफनेही त्याचे कौतुक केले. आम्ही मंडळात वर्तमानपत्र वाचता वाचता हिशेब मांडला. तीनशेला बाराने भागले की महिन्याला पंचवीस रुपये. पाळीचे पाच दिवस आणि दिवसाला तीन-चार पॅड धरले तर महिन्याला पंधरा ते वीस लागतात. जनऔषधीच्या एक रुपयाच्या भावाने ते पंचवीस रुपयांत सहज बसतात. पण जनऔषधी दुकान शहरात असते. गावच्या किराणा दुकानात त्या पैशांत नावाजलेल्या कंपनीचे एखादेच लहान पाकीट जेमतेम येते, आणि त्यात सहा-सात पॅड असतात. तेव्हा ही तूट मंडळाने भरून काढावी, असा ठराव झाला. वर्गणी जमली, खोकी आली आणि पावसाळा सरल्यावर आम्ही सातजणी बैरसिया तहसिलीतील एका गावाकडे निघालो.

भोपाळहून उत्तरेला बैरसियाचा रस्ता इस्लामनगरावरून जातो; त्या गावाला २०२३ साली जगदीशपूर हे जुने नाव पुन्हा मिळाले. शहर मागे पडले की दोन्ही हातांना शेते लागतात. सोयाबीन निघाले होते, गव्हाची तयारी चालली होती. शाळा सरकारी, दहावीपर्यंतची. मुख्याध्यापिका मनमिळाऊ आणि कामसू होत्या. त्यांनी आठवी, नववी, दहावीच्या मुलींना एका वर्गात बसविले आणि शिक्षकांना दुसरीकडे पाठविले. आमच्यातील एक ताई सरकारी रुग्णालयातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांनी फळ्यावर आकृती काढून सारे समजावून सांगितले. मुली माना खाली घालून ऐकत होत्या. पाकिटे वाटली गेली आणि ती पुस्तकांच्या आड क्षणात दिसेनाशी झाली. आमचे काम झाले असे वाटून आम्ही चहाची वाट पाहत होतो, तेवढ्यात मागच्या बाकावरील एक मुलगी उठली आणि तिने विचारले, “आंटी जी, इसे फेंकें कहाँ?”

हा एक प्रश्न निघाला आणि बांध फुटावा तसे झाले. घरामागे टाकावे तर कुत्री उकरून काढतात. नाल्यात टाकावे तर पुढे त्याच नाल्यावर बायका धुणे धुतात. चुलीत टाकावे तर आजी अडवते. अग्नीला विटाळ होतो म्हणते. म्हणून कापडच बरे, असे त्या मुलीचे म्हणणे होते. कापड धुता येते, लपविता येते, कोणाला दिसत नाही. दुसरी म्हणाली, पॅड चिकटवायला चड्डी लागते आणि ती रोजच्या वापराला एकच आहे; ती धुतली की सलवारीच्या नाडीला कापडच बांधावे लागते. हे ऐकून आम्ही सातहीजणी गप्प झालो. दिल्लीपासून भोपाळपर्यंत किती योजना, किती कोटींचे आकडे. पण पॅड कशावर चिकटवायचा, हा प्रश्न कोणत्याही कागदावर आम्ही वाचला नव्हता.

परिचारिका ताईंनी मग एकेकीला जवळ बसवून विचारले. खात्यात आलेल्या तीनशे रुपयांचे काय झाले? एकीने त्यांतून खरोखरच पॅड घेतले आणि थोरल्या बहिणीबरोबर वाटून वापरले. एकीने राखीला नवी कुर्ती घेतली. एकीचे पैसे वडिलांनी काढून आणले, त्याच आठवड्यात खताची गोणी आणायची होती, तीत ते गेले. यात त्या बापाला दोष देण्यासारखे काही नाही. घरात आलेला पैसा निकडीच्या कामाला लागतो, आणि मुलीने आपली निकड तोंडाने सांगितलेलीच नसते.

त्यानंतर आम्ही शाळेचे स्वच्छतागृह पाहावयास गेलो. बांधलेले होते, रंगविलेले होते आणि दाराला कुलूप होते. किल्ली कार्यालयात गुरुजींच्या टेबलाच्या खणात. मुख्याध्यापिकाबाईंनी त्याचे कारण सांगितले आणि ते खोटे नव्हते. उघडे ठेवले तर शाळा सुटल्यावर बाहेरची माणसे घाण करून जातात आणि झाडण्यासाठी माणूस मंजूर नाही. हातपंप पटांगणाच्या पलीकडे, मुलगे खेळतात तेथे. म्हणजे तेरा वर्षांच्या मुलीने आधी गुरुजींकडे किल्ली मागायची, मग सगळ्या शाळेदेखत पटांगण ओलांडून बादली भरायची आणि तशीच परत यायचे. त्यापेक्षा ती चार दिवस घरी राहते. वर्षाचे दिवस मोजले तर महिना-दीड महिना शाळा बुडते. गणिताचा जो धडा त्या चार दिवसांत होऊन जातो, तो तिच्यासाठी पुन्हा कोणी शिकवीत नाही. आणि नववीत मुलगी मागे पडू लागली की घरात लग्नाच्या गोष्टी निघतात. डॉक्टर जया ठाकूर या आपल्याच राज्यातील बाईंनी २०२२ साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला तेव्हा सहावी ते बारावीच्या मुलींना मोफत पॅड द्यावेत याबरोबरच शाळेत मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह असावे अशीही मागणी केली होती. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने साऱ्या देशासाठी एकसारखे धोरण ठरविण्यास सरकारला सांगितले. त्या दोन मागण्या एकत्र का, ते आम्हांला बैरसियाच्या त्या कुलपासमोर उभे राहिल्यावर नीट उमगले.

परतल्यावर मंडळाची बैठक झाली ती वादळी म्हणावी अशी झाली. काहींचे मत पडले की कापड ही मागासलेली गोष्ट, मुलींना तेथून पुढे न्यायचे की पुन्हा तिकडेच लोटायचे? हा आक्षेप विचार करण्यासारखा होता. परिचारिका ताईंनी त्याचे उत्तर दिले. सुती कापड मऊ असते, ओल शोषून घेते, साबणाने नीट धुतले आणि कडक उन्हात वाळविले तर ते आरोग्याला मुळीच वाईट नाही. वाईट असते ते अंधारात, दमट कोपऱ्यात अर्धवट वाळलेले कापड. खाज, पुरळ, जंतुसंसर्ग हे त्यातून होते. म्हणजे रोग कापडात नाही, कापड लपविण्यात आहे. ‘गूंज’ या संस्थेने कितीतरी वर्षांपूर्वी शहरांतील जुन्या सुती कपड्यांपासून असे पॅड शिवून खेड्यांत पोचविण्याचे काम हाती घेतले, तेही याच विचाराने. उलट बाजारातील बहुतेक पॅडांत प्लॅस्टिकचा थर असतो. तो मातीत वर्षानुवर्षे तसाच राहतो आणि उघड्यावर जाळला तर घातक धूर निघतो. भोपाळ शहरात घंटागाडी दाराशी येते. त्या गावात ती येत नाही. तेव्हा कोणते साधन पुढारलेले आणि कोणते मागासलेले, हे ते वापरणारी मुलगी कोठे राहते यावर ठरते. ज्या मुलीला प्रवासाला, परीक्षेला, खेळाला जायचे आहे तिला तयार पॅड मिळावा. घरी असताना कापड. निवड तिची तिने करावी, असे शेवटी ठरले.

मग मंडळाच्या खोलीत शिवणयंत्रे लागली. प्रत्येकीने घरातील जुनी सुती लुगडी आणि साड्या आणल्या. आमच्या पिढीच्या मराठी घरांत असे एखादे मऊ पडलेले लुगडे गाठोड्यात असतेच. आईचे म्हणून टाकवत नाही आणि वापरातही येत नाही. ते उकळत्या पाण्यातून काढून, उन्हात वाळवून, त्याच्या घड्या बेतल्या. चार पदर आत, बाजूंना दोन पट्ट्या, त्यांना टिचबटण. म्हणजे चड्डीला पक्के बसते, सरकत नाही. सहा घड्या, दोन नव्या चड्ड्या, साबणाची एक वडी, कापडी पिशवी आणि तीन हात सुतळी, असा एकेका मुलीचा संच झाला. सुतळी कशासाठी, असे काहींनी विचारले. ताई म्हणाल्या, दोरी बांधायला; वाळत कोठे घालायचे हे आपण सांगितले नाही तर बाकीचे सगळे फुकट.

दुसऱ्या खेपेला आम्ही एक झाकणाचे पिंप, झाकणाची कचरापेटी आणि आतून लावायची भक्कम कडीही नेली. किल्लीची गोष्ट मुख्याध्यापिकाबाईंनीच सोडविली. ती आता मुलींच्या वर्गात दाराआडच्या खिळ्याला असते, कोणाला विचारावे लागत नाही, आणि शेवटची घंटा झाली की दहावीची मुलगी कुलूप लावून किल्ली बाईंच्या हाती देते. पाण्याचे पिंप सकाळी पहिल्या घंटेपूर्वी भरायचे आणि भरण्याची पाळी वर्गावर्गाने, मुलगे आणि मुली दोघांनीही घ्यायची. सगळेच भरतात म्हटल्यावर कोण कशासाठी पाणी नेते हे कोणी पाहत नाही. एवढी साधी युक्ती. तिला एक पैसाही लागला नाही. कचऱ्यासाठी सरपंचांनी शाळेमागे खोल खड्डा खणवून त्यावर फरशीचे झाकण बसविले. हे उत्तर पुरते नाही, प्लॅस्टिक तेथेही प्लॅस्टिकच राहील, हे आम्हांला कळते. पण कुत्री उकरीत नाहीत आणि नाल्याचे पाणी वाचते.

सुतळीची गोष्ट मात्र सोपी नव्हती. उन्हात दोरीवर वाळत घाला, असे ताईंनी सांगताच सगळा वर्ग ओढणीत तोंड लपवून हसू लागला. “दोरीवर? बाबा बघतील, काका बघतील!” ताईंनी शांतपणे विचारले, “काका आपली बनियन कोठे वाळत घालतात?” पुन्हा हशा. मग एकेक तोड निघू लागली. माणसे दहाला शेतावर जातात, त्यानंतर गच्चीवर घालायचे. गच्ची नसेल तर अंगणातील दोरीच्या मागे दुसरी दोरी. या बाबतीत आम्ही कोणावर जबरदस्ती केली नाही. लाज ही एका भाषणाने जाणारी गोष्ट नव्हे. होळीनंतर आम्ही तिसऱ्यांदा गेलो, तेव्हा मागच्या बाकावरील तीच मुलगी बाजूला येऊन म्हणाली, “मी घालते उन्हात. आता मम्मीपण घालते.” तिच्या आईला आम्ही कधी पाहिलेले नाही. परंतु बत्तीस-पस्तीस वर्षांची एक बाई इतक्या वर्षांनी आपले कापड उन्हात घालते आहे, आणि ते तिला तिच्या मुलीने शिकविले आहे, या गोष्टीचे मोल कोणत्या पाहणीत मांडायचे?

येथेच लेख संपविता आला असता. परंतु मग तो अर्धाच राहिला असता. कारण ही हकीकत मंडळाच्या सभेत सांगितली गेली त्या दिवशी एका सभासद बाईंची सून पाहुणी म्हणून आली होती. ती हळूच, पण स्पष्ट म्हणाली, “सासूबाई, गावातल्या मुलींची लाज घालवायला तुम्ही निघालात हे फार चांगले केलेत. पण गणपती-गौरी जवळ आल्या की आपल्या घरांत पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या येतात, त्याचे काय?” सभा काही क्षण स्तब्ध झाली. भाद्रपद जवळ आला की औषधाच्या दुकानांतून या गोळ्या मागितल्या जातात, ही गोष्ट आपल्या घरांतून सर्वांना माहीत आहे. आणि ती कोणी उच्चारीत नाही. पुष्कळदा डॉक्टरला विचारलेलेही नसते. या गोळ्या म्हणजे संप्रेरके आहेत आणि काही स्त्रियांना, विशेषतः रक्तात गुठळ्या होण्याचा किंवा यकृताचा विकार असेल तर, त्या अपायकारक ठरू शकतात, हे परिचारिका ताईंनी तेथल्या तेथे सांगितले. शिकलेली सून नैवेद्याचा स्वयंपाक करू शकावी म्हणून गोळी घेते. खेड्यातील मुलगी कापड ट्रंकेमागे वाळविते. एकीजवळ पैसा आहे, दुसरीजवळ नाही. लपविण्याची रीत तेवढी निराळी.

काही वृद्ध सभासदांना हे बोलणे रुचले नाही, आणि त्यांचा आदर ठेवूनच आम्ही हे लिहीत आहोत. श्रद्धा ज्याची त्याची. तथापि विटाळाचा प्रश्न कोणा आधुनिक, इंग्रजी शिकलेल्या मुलीने काल उपस्थित केलेला नाही. चोखामेळ्याच्या सोयराबाईने सहाशेहून अधिक वर्षांपूर्वी देहाच्या विटाळाविषयी अभंगातून पांडुरंगालाच जाब विचारला होता. तो अभंग वारीत म्हणायचा आणि घरी आल्यावर सुनेला गोळी आणून द्यायची, या दोहोंचा मेळ बसत नाही. आमच्या मंडळापुरते असे ठरले आहे की हळदीकुंकवाला, भजनाला, गणपतीच्या आरासीला कोणी कोणाला ‘यंदा चालेल ना?’ असे विचारावयाचे नाही. जिला यावेसे वाटेल तिने यावे, जिला विसावा हवा असेल तिने घ्यावा. एवढ्या ठरावालाही दोन बैठका लागल्या, आणि दोघींनी अद्याप सही केलेली नाही.

बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, रायपूर, जेथे जेथे हे मासिक जाते तेथे मराठी मंडळे आहेत, आणि शहराच्या वेशीबाहेर पाच-दहा कोसांवर एखादी शाळाही आहे. या कामात पडू इच्छिणाऱ्या भगिनींना आम्ही आमच्या अनुभवाने एवढेच सुचवितो. खोकी घेऊन जाण्याआधी एकदा रिकाम्या हातांनी जा. स्वच्छतागृहाची किल्ली कोणाकडे असते ते विचारा. पाणी किती पावलांवर आहे ते स्वतः चालून मोजा. वापरलेली वस्तू टाकायची कोठे, ते मुलींनाच विचारा आणि त्या सांगतील ते खरे माना. पॅडाबरोबर चड्ड्या द्या, नाहीतर पॅड कपाटात पडून राहतील. ज्या मुलीला फार रक्त जाते किंवा असह्य दुखते तिला ‘सवय होईल’ असे सांगू नका, डॉक्टरकडे न्या. आणि शक्य असेल तर एखाद्या शिक्षकालाही या कामात घ्या. आमच्या त्या शाळेतील ज्या गुरुजींच्या खणात पूर्वी किल्ली असे, तेच आता महिन्याच्या पहिल्या सोमवारी कचरापेटी आणि कडी धड आहे की नाही हे पाहतात आणि वहीत तारीख टाकून सही करतात. गेल्या वेळी आम्ही ती वही चाळली. एकही सोमवार चुकलेला नव्हता.